चोवीस व्होल्टांचा ट्रक आणि लुगड्यातली मासोळी

मु. सावरटोला, ब्रह्मपुरीकडून
नागपंचमीनंतरचा बुधवार

ती. घनश्यामभाऊ यांचे सेवेशी, धाकटा साडू मनसाराम याचा वाकून रामराम पोहोचावा. आपला गुडघा आता कसा आहे? रंभाबाईंचा खोकला गेला का? म्हैस व्याली असेलच. वगार झाली की हल्या ते कळवावे. (हल्या झाला असल्यास वाईट वाटून घेऊ नये, ज्याला त्याला त्याच्या नशिबाचे मिळते, आम्हाला ट्रक मिळाला.) इकडे सर्व मंडळी जिवंत आहेत. ‘सुखरूप’ असा शब्द लिहिणार होतो, पण माझ्या दोन्ही हातांना तेजाबाचे डाग आहेत आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष नानाजी यांच्या धोतराला इतकी भोके पडली आहेत की ते नेसले काय आणि न नेसले काय, सारखेच. तेव्हा ‘जिवंत’ हाच शब्द राहू देतो.

हे सगळे आपण मिळवून दिलेल्या ट्रकामुळे झाले असे मी म्हणत नाही. आपली मेहुणी सोनीबाई म्हणते. मी फक्त लिहितो आहे. आपण डेपोत कारकून, आपला शब्द तिथे चालतो, आपल्या शब्दावर लढाईतला एवढा मोठा सहा चाकी ट्रक आमच्यासारख्या ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीला मिळाला आणि वर मिलिटरीतून निवृत्त झालेला लटारू ड्रायव्हरही मिळाला, हे उपकार आम्ही विसरू म्हटले तरी विसरता येत नाहीत, कारण ट्रक माझ्या घरासमोरच उभा असतो आणि त्याच्यामागे आमचे घर दिसत नाही. आपण तेव्हा म्हणाला होता, ‘हा बर्मापर्यंत जाऊन आला आहे, तुमच्या नाल्याला काय भिणार?’ नाल्याला तो भीत नाही, हे खरे. बाकीचे पुढे लिहितो.

आपल्याला ठाऊकच आहे की मालगुजारी गेली, मालगुजाराचे तलाव सरकारकडे गेले आणि गावचा मोठा तलाव ह्या वर्षी पहिल्यांदा आमच्या सोसायटीला ठेक्याने मिळाला. आमच्या बापाने, त्याच्या बापाने त्याच तलावात जाळे टाकले, पण मासोळी दुसऱ्याची. ह्या वर्षी मासोळी आमची. अट एकच, की पावसाळा संपायच्या आत तलावात बी सोडले पाहिजे. नाही सोडले तर ठेका रद्द, आणि मग तो पळसगावचे धानगिरणीवाले गुणवंतराव यांना जाणार, कारण त्यांचा अर्ज आमच्या अर्जाखालीच ठेवलेला होता. हे बी म्हणजे जिऱ्याएवढाली जिवंत पिल्ले. कलकत्त्याकडून मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने येतात, शेवटी छोट्या रेलने ब्रह्मपुरीला उतरतात. हंडी सारखी हलती ठेवावी लागते. पाणी थांबले की बी गुदमरते. आणि ब्रह्मपुरी व सावरटोला ह्यांच्यामध्ये आमचा नाला. श्रावणात त्यात बैलबंडी तरंगते. रिकाम्या हाताने माणूस पोहून येतो, पण डोक्यावर हंडी घेऊन नाही. म्हणून ट्रक. (हे मी आपल्यासाठी लिहीत नाही, आपल्याला माहीतच आहे; पण पत्र रंभाबाईंनाही वाचून दाखवाल, आणि त्यांना वाटते की आम्ही हौसेने ट्रक घेतला.)

तर हंड्या आल्या. ट्रकात तणस अंथरून नीट ठेवल्या. हलवायला आमच्या बाया मागे बसल्या, त्यांत सोनीबाई मुख्य. नानाजी पुढे लटारूच्या बाजूला, आणि सेक्रेटरी म्हणून मीही पुढे. ट्रक असा काही गेला म्हणता, की रस्त्यावरच्या खड्ड्यांनी हंड्या आपोआप हलत होत्या आणि बायांना काही कामच नव्हते. पळसगावची बोडी लागली (बोडी म्हणजे लहान तलाव, रंभाबाईंना नागपुरात राहून आठवत नसेल). सोनीबाईने मागून पत्र्यावर थाप मारली, हंड्यांतले पाणी तापले आहे, बदलून घेऊ. लटारूने ट्रक बोडीच्या पाळीशी घेतला आणि इंजिन बंद केले. मिलिटरीत उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवत नाहीत म्हणे. पाणी बदलले, बाया चढल्या, लटारूने बटण दाबले. टक्. पुन्हा दाबले. पुन्हा टक्, पण जरा बारीक. तिसऱ्यांदा तेही नाही.

लटारू खाली उतरला, ट्रकाला वळसा घालून माझ्या दाराशी आला, टाच जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, “बॅटरी डेड, सेक्रेटरीसाहेब!”

मी म्हणालो, “मंग कर ना काही.”

“मिलिटरीत डायवरचं काम रिपोर्ट करायचं. म्या केला. बाकीचं बॅटरीवाला येऊन करते.”

“अन् बॅटरीवाला कोठी आहे?”

“तो झाशीले राह्यला.”

घनश्यामभाऊ, माणूस पाठवताना आपण सांगितले असते की ह्याला चालवता येते पण चालू करता येत नाही, तर आम्ही तयारीने राहिलो असतो. असो. मी तिथेच ठरवले, की बी सावरटोल्याच्या तलावातच पडणार, गुणवंतरावाच्या दारात नाही. हे मी मोठ्याने बोललोही. नानाजींनी मान हलवली. सोनीबाई म्हणाली, “बोलून झालं असंन तं खाली उतरा. बी मरून राह्यलं आहे.”

तिने काय केले, तर बोडीत कमरेइतक्या पाण्यात बांबू रोवले आणि बायांनी जवळ होती नव्हती ती लुगडी त्यांना चारही बाजूंनी झोळीसारखी बांधली. पाणी आरपार जाते, पिल्ले जात नाहीत. त्या झोळ्यांत सगळ्या हंड्या हळूहळू ओतल्या. तेवढ्यात बगळ्यांना वर्दी गेली. एकेक बगळा असा येऊन उभा राहिला की जणू काही त्याचाच ठेका. आमच्या बाया आळीपाळीने पाण्यात उभ्या राहून हाकत होत्या, सोनीबाईची पाळी मात्र संपतच नव्हती.

आता ट्रक. ढकलून चालू करू म्हटले. पळसगावची दहा-वीस माणसे आली, मनापासून लोटली. ट्रक हललाही नाही, फक्त नानाजी घसरून चिखलात बसले. मग बैल आणले. जोड्यांवर जोड्या जुंपल्या, जाड दोर बांधला, लटारू गियर टाकून बसला. बैलांनी ओढला! दहा पावले गेला, लटारूने क्लच सोडला, आणि ट्रक एकदाच, अगदी एकदाच, खोकला. त्या बैलांनी जन्मात असा खोकला ऐकला नव्हता. दोर तुटला म्हणून बरे, नाही तर ट्रक आज गडचिरोलीत असता. बैल समोरच्या धानाच्या बांधीत घुसले आणि लच्छू नावाच्या म्हाताऱ्याचा नुकता लावलेला रोवणा तुडवून पलीकडे गेले. लच्छू बांधावरून खाली उतरला. येऊन ट्रकाकडे पाहत बसला, आणि पुढे दोन दिवस तिथून उठलाच नाही. मी त्याला सांगितले की सोसायटीच्या बाया तुझा रोवणा पुन्हा लावून देतील. तो म्हणाला, “देतीन तं देतीन. मी पाह्यतो, हे कोठवरी जाते ते.”

शेवटी पेटी उघडली. आत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीचे टोक दुसरीला जोडलेले, म्हणजे चोवीस. (हे लटारूला माहीत होते, रिपोर्टात लिहावे लागे.) टोकांवर पांढरा-हिरवा खार असा चढला होता की तार कोणती आणि खार कोणता कळेना. नानाजी म्हणाले, मिलिटरीने थंडीसाठी लावलेले औषध असेल, हात लावू नका. मी लावला. खार खरवडला, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतले, ते फसफसून वर आले तेव्हा नानाजी धोतरासह मध्ये होते. (भोकांचा खुलासा हाच.) टोके पितळेसारखी लख्ख झाली, तारा आवळल्या, लटारूने बटण दाबले. टक्. निदान आवाज तरी परत आला.

म्हणजे बॅटऱ्या भरून आणणे आले. आणि त्या मुलखात वीज तयार करणारी एकच वस्तू: गुणवंतरावांच्या गिरणीच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो, ज्यावर त्यांच्या बैठकीतले दिवे लागतात.

आपण मला ओळखता. मी कोणाच्या दारात सहसा जात नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटऱ्या बंडीवर घालून गेलो. गुणवंतराव ओट्यावर बसले होते. त्यांनी बसायला सांगितले, पाणी विचारले, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाले, “इंजन मी फुकट चालवत नाई. धान आणा. धान आलं का इंजन चालते, इंजन चाललं का डायनॅमो फिरते, डायनॅमो फिरला का तुमचं काय ते भरून घ्या. मी काऊन नाई म्हणू?”

आता श्रावणात कोण धान कांडायला आणतो? धानाच्या ढोलीत उरलेले जपून ठेवायचे दिवस. त्यांना हे पक्के ठाऊक होते. मी परत आलो आणि बोडीच्या पाळीवर बसलो. सोनीबाईने पाण्यातूनच विचारले, काय झाले. सांगितले. ती बाहेर आली, पदर पिळला आणि दुसऱ्या दोघींना घेऊन सरळ गावात गेली. दारोदार तिचे एकच बोलणे: “बाई, मुसळ हाणून हाणून तुयाही हात दुखतच असंन. तुयं धान आमी डोक्यावर नेतो, गिरणीतून तांदूळ करून घरी आणून देतो. कांडणावळ सोसायटीची.” घनश्यामभाऊ, पळसगावात एक बाई अशी निघाली नाही जी नाही म्हणाली. कोणी टोपलीभर, कोणी पोतेभर. तासाभरात गिरणीपुढे धानाचा ढीग आणि बायांची रांग, आणि गुणवंतराव ओट्यावरून उभे राहून बघताहेत. शब्द दिलेला, मागे घेता येईना. इंजिन चालू झाले.

गिरणीचा मिस्त्री म्हणाला, डायनॅमोचा जोर सरळ बॅटरीत घातला तर बॅटरी फाटेल, मधे दिवा जोडा म्हणजे जोर दिवा खाईल आणि उरलेला बॅटरीला मिळेल. दिवा कोठून आणायचा? बैठकीतला. गुणवंतरावांच्या पत्नी इंदिराबाई यांनी तो स्वतः काढून आणून दिला आणि तिथेच थांबल्या. भर दिवसा गिरणीत दिवा जळतो आहे हे बघायला सगळा गाव लोटला. बॅटरीची बुचे काढली, आत बुडबुडे येऊ लागले. लटारू म्हणाला, हा वायू पेट घेतो, जवळ विडी चालणार नाही. मग मी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडातली विडी काढून घेत होतो. गुणवंतरावांच्याही तोंडातली काढली. (एवढे एक काम मला अजून आठवून बरे वाटते.) निघालेला कोंडा आमच्या बाया बोडीवर नेऊन बीला खाऊ घालत होत्या. इंदिराबाई एकदा त्यांच्याबरोबर गेल्या, लुगड्यांच्या झोळ्यांत वळवळणारे ते बी बराच वेळ पाहत राहिल्या, आणि सोनीबाईशी काय बोलल्या ते मला कळले नाही.

दिवस मावळताना बॅटऱ्या बसवल्या. लटारूने बटण दाबले आणि ट्रक गरजला. काय सांगू! नानाजींनी मला मिठी मारली, लच्छूने टाळी वाजवली, बगळे उडाले. पण अंधार पडत होता, नाल्याला पाणी होते, सकाळी निघायचे ठरले, आणि लटारूने इंजिन बंद केले. सकाळी बी हंड्यांत भरले, ट्रकात चढवले, लटारूने बटण दाबले.

टक्.

त्या वेळी मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. लटारूला बोललो, आपल्यालाही बोललो, आणि आपण तिथे नसल्यामुळे आपल्या वाट्याचेही लटारूलाच बोललो. तो टाच जुळवून उभा राहिला आणि सगळे ऐकून घेतले. पाऊस सुरू झाला. बाया पुन्हा पाण्यात उतरल्या, बी पुन्हा झोळ्यांत. काही हंड्यांतले पोट वर करून तरंगत होते. मी ते पाहिले आणि ओंजळीतून टाकून दिले.

लच्छू म्हातारा पावसाला भिऊन ट्रकाखाली शिरला होता. तिथून त्याचा आवाज आला, “अरे, हा दिवा काऊन जळून राह्यला इथी?”

नानाजी म्हणाले, म्हातारा मोहाची घेऊन आला आहे. पण लटारू चिखलात आडवा झाला आणि सरपटत आत गेला. मागच्या चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर पांढरा रंग मारलेला आहे आणि त्यावर उजेड पाडणारा एक चिमुकला दिवा आहे, घनश्यामभाऊ! लढाईत रात्री मोठे दिवे बंद करून एकामागे एक गाड्या जात, तेव्हा मागच्याने पुढच्याचा तो पांढरा ठिपका पाहून चालवायचे. लटारूने बर्मात वर्षभर असाच दुसऱ्याचा ठिपका पाहिला होता, आपल्या गाडीलाही तो असतो हे त्याच्या डोक्यात आले नव्हते. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तो दिवा आम्हाला ट्रक मिळाला तेव्हापासून रात्रंदिवस बॅटरी पीत होता. त्याचा खटका कोठे, तर लटारूच्या पुढ्यातल्या फळीखाली. त्या खटक्याला ट्रक आला त्या दिवशीच्या पूजेत नानाजींनी लाल फडक्यात बांधलेला नारळ टांगला होता, आणि नारळाच्या वजनाने खटका खाली, म्हणजे दिवा चालू. नानाजींनी नारळ काढला, कपाळाला लावला आणि म्हणाले, “आता फोडून टाकू.” बाकी सर्वांनी हात जोडले. अध्यक्ष आहेत.

लटारू ट्रकाखालून निघाला तो चिखलाचा पुतळा, पण बत्तिशी दिसत होती. टाच न जुळवताच म्हणाला, “पुन्हा भरून आणू, भाऊ.” सेक्रेटरीसाहेब नाही, भाऊ. आणि एक बॅटरी खांद्यावर घेऊन तो चालायलाही लागला.

दुसरी मी घेतली. पण गिरणीपाशी गेलो तर ढीग नाही, रांग नाही. गावाचे धान काल कांडून झाले. पावसाळ्यात ह्याहून जास्त तांदूळ करून ठेवला तर किडे पडतात. गुणवंतराव ओट्यावर. म्हणाले, “मनसाराम, मी माणूस वाईट नाई. ठेका सोडतो असं दोन ओळीत लिहून दे, आता इंजन चालू करतो. तुमचं बी पण मीच घेतो. मरू काऊन द्याचं?”

मी म्हणालो, “गुणवंतराव, मरन तं आमच्या हातानं मरन. लिहून नाई देत.”

ते म्हणाले, “मंग धान आण.”

एवढ्यात त्यांच्याच घराच्या मागल्या अंगाने इंदिराबाई आल्या, मागे दोन गड्यांच्या डोक्यावर पोती. गिरणीच्या तोंडाशी पोती उतरवली आणि नवऱ्याकडे न पाहता मिस्त्रीला म्हणाल्या, “आमच्या घरचं आहे. कांडाचं आहे. इंजन सुरू कर.”

“घरात तांदूळ आहे ना!” गुणवंतराव म्हणाले.

“सरला,” त्या म्हणाल्या.

तो सरला नव्हता हे त्यांना, मला आणि मिस्त्रीला ठाऊक होते. गुणवंतरावांनी विडी काढली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा खिशात ठेवली आणि आत गेले. इंजिन लागले. इंदिराबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या.

तिसऱ्या प्रहरी निघालो. लटारूने ह्या वेळी इंजिन बंद करायचे नाव काढले नाही. नाला आमच्या छातीइतका होता; ट्रक त्यात असा शिरला जणू म्हैस डुंबायला निघाली आहे, आणि पलीकडे पाणी निथळत वर आला. त्यापुरते आपले बोलणे शंभर टक्के खरे, हे मी सर्वांसमोर कबूल केले. सावरटोल्याची सगळी माणसे तलावाच्या पाळीवर उभी होती. बाया हंड्या घेऊन पाण्यात गेल्या, एकेक हंडी तिरपी केली. बी गेले. पाण्यावर जरा शिरशिरी आली आणि मग काही नाही, नुसता तलाव. वाजंत्री सांगितली होती, पण वाजवायचे कोणाला सुचले नाही. सोनीबाई बराच वेळ पाण्यातच उभी होती. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, “थांबा ना. पाहू द्या.”

तर असे झाले. ट्रक आमच्याकडेच राहील. काही लोक परत पाठवा म्हणतात, पण मी सेक्रेटरी असेपर्यंत नाही. थोरांस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद. पत्राचे उत्तर सवडीने, पण लवकर द्यावे.

आपला,
मनसाराम

ता. क. लच्छूचा रोवणा लावून दिला. तो आता ट्रकात बसायला सावरटोल्याला येतो. नुसता बसतो.

दुसरा ता. क. बॅटऱ्या उत्तम आहेत, बटण दाबले की ट्रक गरजतो, हे वर लिहायचे राहिले. फक्त काल ब्रेक लागला नाही, त्यामुळे ट्रक आता नानाजींच्या गोठ्यात आहे. बैल बाहेर होते. ह्याबद्दल डेपोत काही बोलू नये.

तिसरा ता. क. खरे म्हणजे पत्र लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी, आणि तेच मागे राहिले. सोनीबाईला पाचवा महिना आहे. मला परवा कळले. बोडीत दोन दिवस पाण्यात उभी होती तेव्हा तिला माहीत होते, मला नव्हते. का सांगितले नाहीस म्हणून विचारले तर म्हणाली, सांगितले असते तर तुम्ही घरी पाठवले असते, आणि बगळे कोणी हाकले असते? मागच्या दोन्ही खेपांना काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. ती घाबरत नाही. मी घाबरतो. रंभाबाईंना पुढचे काही महिने इकडे पाठवता आले तर पाठवावे. ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर मी स्वतः येईन. नाला भरलेला असेल तर ट्रक आहेच, तोवर ब्रेक करून घेतो. हे सर्व मी आत्ता सोनीबाईला वाचून दाखवले. ती चुलीपाशी आहे, माझ्याकडे पाहत नाही. म्हणते, “ताईले लिहा, मी काही बोलावलं नाई.” मी तसे लिहिले. आता म्हणते, “अन् लिहा, का ये म्हणा.”